चौथ्या टोळीचा भाई

“डाळीत डाळ नाही, चहात चहा नाही, आणि आता भिंतीलाबी कान लावायलेत. माणसानं कण्हावं तरी कुठं?”

कुरकुर अगदी केतकीच्या पायाखालून आली. ती कारागृहाच्या स्वयंपाकघरात शिडीवर उभी होती, दातात दोन स्क्रू धरून, छताच्या कोपऱ्यात सुपारीएवढा मायक्रोफोन बसवत. खाली कैद्यांची एक रांग कांदे सोलत बसली होती. बोलणारा धिप्पाड होता. बोलता बोलता त्याचा आवाज चढत चालला होता.

“तुला कुणी सांगितलंय कण्हायला?” पोळ्या लाटणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला. “बायकोला कळव जा. ती लावून देईल घट्ट डाळ.”

कांदे सोलणारे हात थांबले. लाटणी थांबली. तुरुंगात हात एकदम थांबले की काय होतं हे केतकीला लहानपणापासून माहीत होतं. तिने शिडी घट्ट धरली.

तेवढ्यात चुलीपाशी बसलेला एक पिकल्या मिशांचा माणूस, मान वर न करता, म्हणाला, “बरं. मग?”

एवढंच. ‘बरं’ म्हणून तो जरासा थांबला आणि ‘मग’चा शेवट त्याने हलकेच वर उचलला, कुणी दार किलकिलं करून ठेवावं तसा.

धिप्पाड माणसाने तोंड उघडलं, मिटलं. “मग काय... मग काय नाय. डाळ जरा घट्ट करा म्हणतोय.”

हात पुन्हा चालू झाले. शिडीवरच्या केतकीच्या पोटात मात्र खड्डा पडला. लहानपणी लोणच्याची बरणी फुटल्यावर पडायचा तसा. असं का व्हावं हे तिला कळेना. तिने दातातले स्क्रू काढले आणि कामाला लागली.

सोनखेडच्या मध्यवर्ती कारागृहात केतकी गव्हाणे परकी नव्हती. तिचं बालपण भिंतीपलीकडच्या क्वार्टरमध्येच गेलं होतं, कारण तिची आई, प्रमिला गव्हाणे, इथेच वरिष्ठ तुरुंगाधिकारी होती. नवा कैदी आला की त्याला कुठल्या बराकीत ठेवायचं हे आई ठरवायची. सोपं वाटतं, पण सोपं नाही. एका टोळीचा माणूस चुकून दुसऱ्या टोळीत झोपला तर सकाळी उठेलच असं नाही.

केतकीच्या यंत्राचा जन्म आईच्या जेवणाच्या ताटावरच झाला होता. केतकी कॉलेजातून सुट्टीला आली होती, आणि आई भात कालवता कालवता वैतागून बोलत होती.

“आम्ही काय करतो सांगू? विचारतो, राहायला कुठं. पुलापलीकडं म्हणाला की पूल टोळी. गिरणीच्या चाळीत म्हणाला की गिरणी टोळी. हातावर विंचू गोंदलेला दिसला की मग विचारायलाच नको, पूलवाल्यांची खूण ती. मागं एक गवंडी आला, काशिनाथ नावाचा. भावकीच्या मारामारीत हातून खून झालेला. हातावर विंचू. टाकला त्याला पूलवाल्यांत. अगं, तो विंचू त्याच्या राशीचा होता! वृश्चिक रास! जत्रेत हौसेनं गोंदून घेतलेला.”

“मग काढ की बाहेर.”

“आता काय काढते? महिन्यात त्यांचा झाला तो. ज्यांच्यात झोपायचं त्यांचं व्हावंच लागतं. शिक्का आम्ही आधी मारतो, केतू, टोळी नंतर होते.” आईने ताक ओतून घेतलं. “माणूस नक्की कुणाचा आहे हे सांगणारं काहीतरी काढ की तुझ्या त्या कॉलेजात. नुसते गाण्याचे डबे कसले करता?”

केतकी ध्वनिशास्त्र शिकत होती. ‘गाण्याचे डबे’ तिला लागलं. जे लागतं त्यातूनच पुष्कळदा पुढचं आयुष्य निघतं.

तिने जे काढलं ते समजायला फारसं अवघड नव्हतं. दोन माणसं बोलू लागली की त्यांची बोलणी एकमेकांकडे सरकतात. बोलण्याचा वेग, दोन शब्दांमध्ये थांबण्याची जागा, वाक्याच्या शेवटी आवाज वर जातो की खाली बसतो, सगळंच सरकतं. सासरी गेलेली मुलगी वर्षाने माहेरी येते आणि आई म्हणते, “बोलणं बदललं गं तुझं,” तेच हे. पण दोघं सारखी सरकत नाहीत. ज्याला गरज जास्त, धाक जास्त, तो जास्त सरकतो. कारकून साहेबासारखा बोलू लागतो, साहेब काही कारकुनासारखा बोलू लागत नाही. केतकीचं यंत्र बराकींमधून एवढंच टिपत होतं. ते शब्द साठवत नव्हतं. कायद्याने तशी मनाई होती आणि केतकीलाही ते नको होतं. ते बोलण्याची नुसती चाल ऐकायचं. कोण कुणाकडे झुकतो ते बघायचं, आणि पडद्यावर प्रत्येक कैद्याचा एक ठिपका काढून झुकणाऱ्यापासून रेघ ओढायचं. रेघा एकाच ठिपक्याकडे धावत सुटल्या की तो भाई आणि बाकीची त्याची टोळी.

आईला हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा ती म्हणाली होती, “ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. हे सांगायला एवढं यंत्र?” पण म्हणताना डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या ऑफिसला तिने हीच म्हण लेकीच्या शोधाचं नाव घेऊन ऐकवली.

यंत्राचं सरकारी नाव ‘अनुनाद’ होतं. पण सरकारी नावं बारशापुरतीच. आठवडा झाला नाही तोच हवालदार लोंढ्यांनी त्याला ‘कान्होबा’ केलं आणि तेच चिकटलं. शिपायांच्या संघटनेने एकच अट घातली होती, की कर्मचाऱ्यांचे आवाज मोजायचे नाहीत. लोंढे म्हणाले होते, “आमच्या चाली आमच्या बायका मोजतात, ताई. तेवढं पुरे.” केतकीने हसत ती अट मान्य केली होती.

कान्होबाने पहिल्याच महिन्यात कमाल केली. पूल टोळीचा भाई म्हणून ज्या मिशाळ माणसाला सगळे वचकून असत, त्याचा ठिपका स्वतःच एका दुसऱ्या ठिपक्याकडे वाकलेला निघाला, त्याचे कपडे धुणाऱ्या किरकोळ माणसाकडे. खरा भाई तो होता. वर्षानुवर्षं सगळ्यांसमोर साबण चोळत बसलेला! त्याला वेगळं काढलं आणि पूल टोळी उन्हात ठेवलेल्या बर्फासारखी विरघळली. विनाकारण टोळीत गणले गेलेले कितीतरीजण मोकळे झाले. कुणी उगाच विंचवाखाली चिरडलेला होता, कुणी पत्त्यापायी. काशिनाथ गवंडी त्यांतला पहिला. त्याच्या ठिपक्याची एकही रेघ पूलवाल्यांकडे जात नव्हती. त्याच्या नावावरचा शिक्का पुसला गेला आणि चांगल्या वर्तणुकीवर मुदतीआधी सुटकेसाठी त्याचं नाव वर गेलं. काशिनाथ म्हणजे तोच, चुलीपाशी बसलेला, पिकल्या मिशांचा.

“यंत्रानं नाही काढलं मला टोळीतून,” तो केतकीला म्हणाला होता. “मी निघालेलोच होतो. यंत्रानं फक्त खरं सांगितलं. तेबी कमी नाय म्हणा.”

अधीक्षक बोराडे साहेबांनी पेढे वाटले. मुंबईहून खात्यातले पाहुणे येऊन बघून गेले. आई पाहुण्यांपुढे गंभीर चेहऱ्याने उभी राहिली आणि घरी येऊन केतकीच्या पाठीत एक धपाटा घातला. तिच्याकडे शाबासकीची तीच रीत होती.

आणि मग पडद्यावर चौथी टोळी उगवली.

गिरणी, पूल आणि स्टेशनवाले या तीन टोळ्या सगळ्यांना माहीत होत्या. या चौथीला नाव नव्हतं. तिची माणसं एका बराकीत नव्हती. प्रत्येक बराकीत थोडी थोडी होती आणि पूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांमधून आलेली होती. सगळ्यांच्या रेघा एकाच बाजूला चालल्या होत्या. आणि जिथे त्या मिळत होत्या तिथे ठिपकाच नव्हता. नुसती रिकामी जागा.

“भाई कुठाय?” बोराडे साहेबांनी पडद्याला जवळजवळ नाक लावलं.

“दिसत नाही सर.”

“आणि हे काय?”

ते केतकीच्याही लक्षात आलं होतं. बराकीत भांडण पेटायला आलं की या टोळीतला कुणी ना कुणी दोन शब्दांची एक छोटी चाल काढायचा. एक शब्द, मध्ये थांबणं, दुसरा शब्द, शेवट वर. ती ऐकली की आजूबाजूचे आवाज खाली बसायचे. दर वेळी तीच चाल.

“इशारा आहे हा,” साहेब म्हणाले. “हुकूम.”

प्रमिलाबाई मागे उभ्या होत्या. “पण साहेब, भांडणं थांबतायत ना? बिघडलं काय?”

“गव्हाणे मॅडम, जो दोन शब्दांत भांडण थांबवतो तो दोन शब्दांत लावूही शकतो. माझ्या तुरुंगात असा कुणी आहे, ज्याच्या एका सुरावर बराकीच्या बराकी गप्प होतात, आणि तो कोण हे मला माहीत नाही. मला झोप लागेल का? तुम्हाला लागेल?”

आईने पडद्यावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. साहेब वाईट माणूस नव्हते आणि त्यांचं चुकतही नव्हतं. हीच तर अडचण होती.

अशा वेळी काय करायचं ते कान्होबाच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं, आणि ती पुस्तिका केतकीनेच लिहिली होती. टोळीतल्यांवर शिक्का मारावा. त्यांना लांबलांबच्या तुरुंगांत विखरून टाकावं. शिक्का असेतो रजा नाही, मुदतीआधी सुटका नाही. आणि भाई सापडला तर त्याला अशा ठिकाणी पाठवावं जिथे त्याचं एकही माणूस नसेल.

चौथ्या टोळीतला सगळ्यात दाट ठिपका काशिनाथचा होता.

“काशिनाथ?” घरी आल्यावर आईने पिशवी खुर्चीवर आपटली. “टोळीत? त्याला टोळीतून सोडवता सोडवता माझे केस पांढरे झाले! रोज बोलावून बसवत होते त्याला माझ्यापुढं. बोल म्हणायचे, काय असेल ते बोल. पहिलं वर्ष नुसत्या शिव्याच दिल्या त्यानं. त्याच्या घराची मागची भिंत अर्धी राहिलीय, वर ताडपत्री टाकून बायको राहतेय, गवंड्याच्या बायकोला ताडपत्रीखाली राहावं लागतं, हे सांगताना रडला होता तो. आणि आता पुढच्या महिन्यात सुटायचा, तर तुझा कान्होबा म्हणतो टोळी!”

“आई, कान्होबा खोटं बोलत नाही गं.”

“बरं. मग?”

“मग... मला बघू दे. कुठं चुकलंय ते बघते.”

रोज कानावर पडणारी गोष्ट कानाला कळत नाही. केतकीला तेव्हाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ती दोन शब्दांची चाल वेगळी काढली. शब्द नव्हतेच, त्यामुळे ऐकताना मिटल्या तोंडाने कुणी गुणगुणल्यासारखं वाटायचं. हूं. हूंऽ? तिने ती हवालदार लोंढ्यांना ऐकवली. लोंढे या तुरुंगाच्या फाटकाइतके जुने. ऐकलं आणि त्यांनी टोपी काढून तिच्यावर नसलेली धूळ झटकली.

“ओळखीचं वाटतं का लोंढेमामा?”

“कशाचं वाटायला?” ते म्हणाले. “म्हशीनं हुंकार दिल्यागत आहे.”

तिने आणखी दोघांना ऐकवली. एकाला अचानक फाटकावर काम आठवलं. दुसरा म्हणाला, “ताई, यंत्रं बिघडतात हो कधीकधी. बंद करून चालू करा की.” सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता. लग्नघरात नवऱ्या मुलाचं काहीतरी ठाऊक असलेल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यावर असतो तसा.

रविवारी सकाळी आई आत गणवेशाला इस्त्री करत होती. केतकी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली होती, आणि फोनवर तिचा पुण्याचा सहकारी सलील तणतणत होता. मुंबईकर पाहुण्यांना अहवाल हवाय, सोनखेडची भानगड निस्तर, आणखी तीन तुरुंग वाट बघतायत, तू तिथं माहेरपण करतेस का. आवाज वाढत चालला होता. केतकीने त्याचं सगळं ऐकून घेतलं. जरा थांबली.

“बरं,” ती म्हणाली. “मग?”

“मग...” सलील गडबडला. “मग काही नाही. तू कर तुझ्या सोयीनं.”

आणि लॅपटॉप किणकिणला.

चाचणीसाठी तिने त्याचा मायक्रोफोन चालूच ठेवला होता. पडद्यावर एक नवीन ठिपका उगवला होता. काशिनाथच्या शेजारी, जवळजवळ त्याला खेटून. त्याखाली कान्होबाने इमानेइतबारे लिहिलं होतं: अनोळखी कैदी. चौथी टोळी. झुकाव दाट.

केतकी त्या ठिपक्याकडे, स्वतःच्याच ठिपक्याकडे, बघत राहिली. पोटात पुन्हा बरणी फुटली. आता तिला कळलं ती कुठे फुटत होती. स्वयंपाकघरात, फरशीवर, लोणच्याच्या तेलात ती उभी, आणि दारात गणवेशातली आई. ओरडलेली नाही, मारलेलं नाही. नुसतं, “बरं. मग?” आणि त्या किलकिल्या दारातून भडाभडा सगळं बाहेर आलेलं, मी नाही, मांजरानं, नाही, हो मीच.

शिपायांची अट. कर्मचाऱ्यांचे आवाज मोजायचे नाहीत. म्हणून ती जागा रिकामी होती.

“काय वाजलं गं?” आतून आईने विचारलं.

“काही नाही,” केतकी म्हणाली, आणि लॅपटॉपचं झाकण लावलं.

आता तिच्याही चेहऱ्यावर तो लग्नघरातल्या पाहुण्यासारखा भाव आला असणार.

तिने लोंढ्यांना फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गाठलं. “तुम्हाला माहीत होतं.”

“ताई, मी बहिरा आहे. डाव्या कानानं खरा आणि उजव्या कानानं गरजेपुरता.”

“मामा.”

लोंढ्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. “सगळ्यांना माहीत आहे. एक त्यांनाच नाही. आपली ढब आपल्याला कुठं ऐकू येते? आणि सांगून काय व्हायचं? तुमची ती पुस्तिका काय म्हणते, भाई सापडला की पाठवा लांब. निवृत्तीला वर्ष राहिलंय त्यांचं. कैदी त्यांच्यासारखे बोलतात म्हटल्यावर चौकशी लागेल. काय संबंध, कसला संबंध. या वयात कागदं घेऊन फिरायला लावायचं का त्यांना? त्यापेक्षा आपण बहिरे बरे.”

काशिनाथ तर आणखी कठीण निघाला. ती त्याला भेटायला गेली तेव्हा तो कारागृहाच्या आवारात एका ओट्याला गिलावा करत होता. तिने खालच्या आवाजात विचारलं, “तुमचा भाई कोण, काका?”

“आम्हाला भाई नाय.”

“मला कळलंय.”

त्याची थापी क्षणभर थांबली, पुन्हा चालू झाली. “कळलंय तर इचारता कशाला?”

“तुम्ही सांगितलंत तर शिक्का लागणार नाही. सुटाल तुम्ही.”

“आणि बाईंचं?”

तिने ओट्यावर सांडलेला गिलावा नखाने खरवडला.

“हां,” तो म्हणाला. “पोरी, मला एकदा इंचवानं शिक्का लागला. फुकटचा. ह्यो शिक्का निदान कमावल्याला आहे. लागू दे.”

“आणि भिंत? मागची?”

आता त्याने मान वळवली. डोळ्यांत राग होता, पण आवाजात नव्हता. “भिंतीचं नाव काढू नका,” तो म्हणाला. “ती आमच्या बोलण्यात बसत नाय.”

खून केलेला माणूस, चोर, दरोडेखोर, खंडणीवाले, आणि वर सगळे शिपाई, एका बाईची नोकरी वाचवण्यासाठी तोंड शिवून बसले होते. गुन्हेगार कधीच नाव घेत नाहीत असं केतकीने पुस्तकांत वाचलं होतं. त्यामागे भीती असते असंही वाचलं होतं. हे दुसरंच काहीतरी होतं. पण दुसरं आहे हे दाखवायचं कसं?

काशिनाथकडून परतताना तिला उत्तर सुचलं, आणि ते इतकं सोपं होतं की तिला स्वतःची लाज वाटली. तिने यंत्राला फक्त झुकणाऱ्याकडे बघायला शिकवलं होतं. ज्याच्याकडे झुकतात तो झुकतो का, हे कधी विचारलंच नव्हतं. भाई झुकत नाही. पूल टोळीचा तो कपडे धुणारा तसूभरही हललेला नव्हता. धाकात एकजण वाकतो. मायेत दोघं वाकतात.

आईचा आवाज मोजायची परवानगी तिला नव्हती. पण मुलगी म्हणून तिच्याकडे आईचे आवाज होतेच, फोनमध्ये साठलेले व्हॉइस मेसेज, कॉलेजात गेली तेव्हापासूनचे. तब्येत बरी का. डबा खाल्लास का. इथे आज गडबड झाली, उशिरा बोलू. केतकीने ते सगळे, आपल्या उत्तरांसकट, कान्होबाच्या पुढे ठेवले, तारखेप्रमाणे.

सुरुवातीची आई तोडून बोलायची. शब्द मोजके, शेवट दाबून टाकलेला, परेडवर बोलल्यासारखा. मग हळूहळू ती सैल होत गेली. ‘मग’चा शेवट वर उचलणं, ते ओढून ठेवणं, तिचं स्वतःचं नव्हतंच मुळी! काशिनाथच्या गावाकडची ओढ होती ती, त्याच्या प्रत्येक वाक्यात असायची. तो पहिल्या वर्षी तिच्यासमोर बसून शिव्या देत होता त्या काळातच ती आईच्या बोलण्यात शिरली होती. त्याच्याकडून आईने घेतली, बाकीच्यांनी आईकडून, आणि ती फिरून चुलीपाशी बसलेल्या काशिनाथच्या तोंडी परत आली. थांबणं आईचं, उचलणं त्याचं. दोन शब्दांत दोघंही होती.

बरणीच्या वेळचं ‘बरं. मग?’ म्हणजे वेगळंच असणार, परेडवालं. पोटाने हा फरक केला नव्हता. पोटाला आई म्हणजे आई.

कान्होबाने न विचारता आणखी एक रेघ काढली होती. केतकी घर सोडून गेल्यापासून दर महिन्याला आईचं तिच्याशी बोलणं तिच्या वेगाकडे सरकत आलं होतं. थोडं भरभर, थोडं शहरी, वाक्याच्या शेवटी केतकीसारखंच ‘नाही का’. आई एवढी वर्षं चालत तिच्याकडे येत होती. केतकीची आईकडे जाणारी रेघ मात्र मधली काही वर्षं जवळजवळ पुसट झाली होती. ‘मीटिंगमध्ये आहे’, ‘नंतर करते’, एवढंच. तिने तो पडदा बंद केला. हे काही अहवालात घालायचं नव्हतं.

बाकीचं घालायचं होतं आणि घालता येत नव्हतं. दाखवायचं म्हणजे तो आवाज कुणाचा हे सांगायचं. न सांगावं तर काशिनाथला शिक्का. आईला आधी घरी सांगावं, तर ती काय करेल हे ठाऊक होतं. ती तडक साहेबांच्या टेबलावर जाऊन स्वतःच्या नावाने सही करून येईल, केतकीचा पुरावा पुरा व्हायच्या आत. दोन दिवस केतकी आईने वाढलेलं ताट अर्धं टाकून उठत होती. “यंत्राचं काय झालं?” आईने विचारलं. “बघतेय,” ती म्हणाली. खोटं बोलायला ती आईसमोर कधीच शिकली नव्हती. आताही जमत नव्हतं.

छाननीची बैठक अधीक्षकांच्या खोलीत भरली. टेबलापलीकडे बोराडे साहेब, त्यांच्या बाजूला प्रमिलाबाई, वर्गीकरणाची अधिकारी म्हणून. त्यांची सही झाली की शिक्के लागणार होते. दाराशी लोंढे. मध्ये हात मागे बांधून काशिनाथ, टोळीच्या वतीने. भिंतीवर पडदा होता आणि पडद्यावर ती रिकामी जागा.

“शेवटचं विचारतो,” साहेब म्हणाले. “तुमचा भाई कोण?”

“नाय साहेब, भाई नाय.”

“मग ही चाल कुणाची?” साहेबांनी बटण दाबलं. हूं. हूंऽ?

लोंढे छताकडे बघू लागले. काशिनाथ जमिनीकडे. साहेबांचा स्टेनो पेनाचं टोपण लावू लागला, ते लागलेलंच होतं.

“मला तर वाटतं हे यंत्रच खुळं आहे,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “माझी मुलगी आहे म्हणून गप्प बसले. साहेब, मी सही करणार नाही. याला मी ओळखते. टोळी असती तर मला कळलं नसतं?”

“मॅडम, तुमच्या सहीवाचून मी शिक्के वरून मागवू शकतो. माझ्यावर ती वेळ आणू नका.” साहेबांचा आवाज दमलेला होता. “मला एक नाव द्या फक्त. मी यांना सगळ्यांना सोडतो.”

 काशिनाथच्या मागे बांधलेल्या हातांच्या मुठी घट्ट झाल्या. मनगटावरचा विंचू ताणला गेला. केतकीला वाटलं हा माणूस आता आपल्या भिंतीचा विचार करतोय आणि तरी बोलत नाहीये. याच्यापुढे आपण गप्प बसलो तर आपण कुणाचे?

आईने चष्मा काढला. तिने लोंढ्यांकडे पाहिलं, स्टेनोकडे पाहिलं, आणि सगळ्यांच्या चुकवलेल्या नजरा ओलांडत शेवटी केतकीकडे. अख्ख्या खोलीत आईकडे बघणारी ती एकटीच उरली होती.

“केतू. दोन दिवस तू जेवत नाहीयेस. तुला काहीतरी माहीत आहे.”

“हो.”

“बरं,” आई म्हणाली. थांबली. “मग?”

काशिनाथने मान वर केली. लोंढ्यांची टोपी हातातच राहिली. बोराडे साहेबांचं बोट अजून बटणावर होतं. त्यांनी ते हळूच उचललं, एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा प्रमिलाबाईंकडे, आणि तोंड उघडंच ठेवलं.

दार किलकिलं होतं. त्या दारासमोर केतकीला कधीच काही लपवता आलं नव्हतं, आणि आता लपवायचंही नव्हतं.

“मग काय, आई,” ती म्हणाली. “चौथी टोळी तुझी आहे. आणि मीही तिच्यातलीच आहे.”